किल्ली कुणाच्या खिशात

चहा पाजा, पण पायथनचं नाव काढू नका. टॉवेल कारखान्यात कापडातले दोष टिपणारा कॅमेरा मी बसवला. प्रोग्रॅम सी प्लस प्लस या संगणकाच्या भाषेतला, त्याच्या पोटात पायथन ही दुसरी भाषा. पायथनला कुलूप एकच. किल्ली प्रोग्रॅमच्या ज्या भागाकडे, त्याचंच काम चालतं. आणि कॅमेऱ्याचं काम सारखं अडकायचं.

कॅमेऱ्याच्या मशीनवर पद्माअक्का बसायच्या. मालकांना मी बेधडक सांगितलं, "पद्माअक्का भलतंच बटण दाबतात."

"मी हातबी लावला न्हाय की!" अक्का म्हणाल्या. तरी मालकांनी त्यांना मशीनवरून काढून टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलं.

आठवड्यानं खरं कारण सापडलं. माझाच कोड किल्ली घेऊन कॅमेऱ्याची वाट बघत बसलेला, आणि कॅमेरा किल्लीची. किल्ली सोडायची ओळ मीच विसरलो होतो.

अक्कांना जाऊन सगळं सांगितलं. घडी घालता घालताच त्या म्हणाल्या, "किल्ली तुमच्याच खिशात हुती, साहेब. मग झडती माझी कशाला घेतली?"