डाव्या गालाला हंगाम नसतो

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रुग्णालय समितीच्या प्रमुख लोरेटाबाई राइडआउट, व्यासपीठावरचे पाद्रीबाबा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते डॉक्टर सायलस पार्डी, त्यांच्या सौभाग्यवती मेबलबाई, आणि थंडीवाऱ्यातून होड्या बांधून, गाड्या ढकलून आलेल्या खाडीकाठच्या माझ्या बंधूभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. लोरेटाबाई घड्याळ बघतायत, मला दिसतंय.

आधीच्या वक्त्यांनी डॉक्टरांच्या अभ्यासाचं कौतुक केलं. या किनाऱ्यावर माणसांच्या चेहऱ्याची हाडं कशानं आणि कुठे मोडतात, यावर डॉक्टरांनी अर्धं आयुष्य घातलं. तुम्हाला वाटेल, यात अभ्यास कसला? पण डॉक्टर सांगायचे, इथे प्रत्येक हाडाला हंगाम आहे. जाळी ओढायच्या दिवसांत रहाटाचा दांडा उसळतो नि जबडा मोडतो. पानगळीत मूससारखं धिप्पाड हरीण गाडीवर येतं, तेव्हा कपाळ आणि नाक जातं. बर्फ धरलं की हॉकी, मग दात. (हसू नका, आयझॅककाका, तुमचे कुठे गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे.) फक्त डाव्या गालाच्या हाडाला हंगाम नाही. ते बारा महिने मोडतं, आणि ज्या बाईचं मोडतं ती म्हणते, "पडले." डॉक्टर म्हणायचे, पडणारं माणूस आधी हात टेकतं. तळवे सोललेले नाहीत आणि गाल तेवढा आत बसलाय, तर ती पडलेली नाही.

माझा डावा गाल तुम्ही बघताच आहात. उजेडात जरा खोलगट दिसतो. तो एझ्रा हाइन्सनं मोडला. मी त्याची दुसरी बायको. पहिली मरीना, धक्क्याखालच्या पाण्यात सापडलेली. तुम्हा सगळ्यांना ती आठवते, पण तिचं नाव इथे कुणी घेत नाही. आज मी घेते.

माझा गाल मोडला तो नाताळात. एझ्रानं मला घराबाहेर पडू दिलं नाही. पण नाताळात नवराबायको सोंगं घेऊन घरोघरी नाचायला निघाले नाहीत तर खाडीभर चर्चा होते, हे त्यालाही माहीत होतं. मग त्यानं युक्ती काढली. माझ्या डोक्यावरून उशीचा अभ्रा ओढला, डोळ्यांपुरती भोकं पाडली, त्याचाच तेलकट कोट मला चढवला. स्वतः परकर नेसला, तोंडावर खिडकीचा पडदा बांधला. म्हणाला, "एक शब्द बोललीस तर घरी आल्यावर बघ." बोलणार कशी? तोंडात चहाचा चमचासुद्धा शिरत नव्हता.

आम्ही चौघं होतो. पुढे गळ्यातली पेटी वाजवत आयझॅककाका, मागे त्यांचा पुतण्या, मग आम्ही. वाटेतलं घर सोडायचं नाही, हा आपला रिवाज. डॉक्टरांच्या फाटकाशी एझ्रानं माझी बाही मागे ओढली, पण काकांनी दार ठोठावून, आवाज ओळखू येऊ नये म्हणून सोंगं बोलतात तसं श्वास आत ओढत, विचारलंसुद्धा, "सोंगं येऊ देता का घरात?"

मेबलबाई म्हणाल्या, "या गं बायांनो! आणि तू गमबुटांच्या बाये, पाय पुसून ये!"

स्वयंपाकघरात नाच झाला, रम फिरली. मग ओळखायचा खेळ. आपल्याकडे घरधनी सोंगाला चिमटे काढतो, चाचपतो, आणि बरोबर नाव घेतलं की बुरखा काढावाच लागतो. डॉक्टर कापडावरून चेहरा चाचपून नाव सांगायचे, आणि तोवर ते कधी चुकले नव्हते. मला धडकी भरली ती त्याचीच. ते माझं नाव घेणार, अभ्रा निघणार, सगळे "अगंबाई" म्हणणार, एझ्रा "पडली हो" म्हणणार, आणि मग मला परत त्याच्याबरोबर त्याच घरात जायचं. त्यानंतर मी उरले नसते. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं.

डॉक्टरांची बोटं माझ्या गालावर आली आणि तिथेच थांबली. डोळ्याखाली हाड तुटून झालेल्या पायरीवर. पेटी चालू होती. डॉक्टरांच्या तोंडचा रंग गेला. खूप हळू, जणू आम्ही दोघंच तिथे आहोत अशा आवाजात ते म्हणाले, "मरीना?"

पेटी बंद पडली. मरीनाला जाऊन तेव्हा दोन हिवाळे झाले होते.

माझ्या शेजारी पेला फुटला. डॉक्टर वळले. परकर नेसलेल्या सोंगाचा उजवा हात मोज्यात सुजून टम्म झाला होता, पेला त्यानं डाव्या हातात धरला होता. डॉक्टर म्हणाले, "एझ्रा." नाव बरोबर होतं. त्याला पडदा काढावा लागला. सगळ्यांनी त्याचा चेहरा पाहिला. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी पाहिला, त्यांना तो अजून स्वप्नात दिसत असेल.

आयझॅककाका दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "बस रे एझ्रा. घाई काय आहे? रम आहे अजून."

डॉक्टरांनी मला शेजारच्या तपासणीच्या खोलीत नेलं, दार लावलं. माझ्या तोंडावर अभ्रा तसाच होता. लोक म्हणतात, डॉक्टरांनी काय डोकं चालवलं, मुद्दाम चुकीचं नाव घेतलं! नाही हो. माझ्यासमोर खुर्चीत बसून ते म्हणाले, "मरीना, तुझा गाल तेव्हाही असाच होता. तुझे तळवे मी पाहिले होते. आणि तू गेलीस तेव्हा हवालदाराला मी सांगितलं, धक्का निसरडा होता, पडली असेल."

मग त्यांनी मान वर केली, काहीतरी ऐकल्यासारखी. "सांगतो," म्हणाले. "आता खरं सांगतो." उठले, आणि हवालदाराला फोन केला. अभ्रा त्यानंतर काढला, आणि मला बघून रडले. हवालदारानं नेलेला एझ्रा पुन्हा या खाडीत आला नाही.

डॉक्टर, त्यानंतर दर नाताळात तुम्ही माझा हात धरून म्हणता, "ड्रुसिला, त्या दिवशी तू श्वास आत ओढून म्हणालीस, 'आता खरं सांग', म्हणून मला धीर झाला." मी दरवेळी हसते आणि चहा पुढे करते. उद्या तुम्ही मुलाकडे राहायला जाणार, पुन्हा भेट होईल न होईल, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. इतकी वर्षं तुम्ही माझे आभार मानलेत, त्यांवर माझा हक्क नाही.

समितीनं मला बोलू दिलं, मेबलबाईंनी मला त्या हिवाळ्यात लेकीसारखं घरी ठेवून घेतलं, काकांनी दार अडवलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोलले असेन, वेळही जास्त घेतला, लोरेटाबाई, पोटात घाला.

पण डॉक्टर, माझं तोंड उघडत नव्हतं. तुमच्याच बोटांनी तपासलंत की. त्या खोलीत मी एक शब्दही बोलले नाही.