लपायचं फक्त मुलांनी

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत आणि मुलं ज्यांना खेळताई म्हणतात त्या ताई, आणि सभागृहातील दत्तक कुटुंबांमधले आईबाबा व मुलं, सर्वांना नमस्कार.

मी लिफ्टच्या तपासणीचं काम करते. आधी घडलं ते, मग मत, ही सवय तिथली. म्हणून क्रमाने सांगते.

एक. माझी धाकटी बहीण पाच वर्षांची असताना आमच्याकडे दत्तक आली. त्याआधी दोन घरांनी तिला नेलं आणि परत पाठवलं होतं.
दोन. ताईंच्या शनिवारच्या खेळगटात आम्ही सगळे तिला घेऊन यायचो.
तीन. एका शनिवारी लपाछपीत बाबा लपले.
चार. त्यानंतर आम्ही आलो नाही.

यात चुकलं काय, असं पाहुण्यांना वाटेल. त्या खोलीचा एक नियम आहे. लपायचं मुलांनी, शोधायचं मोठ्यांनी. उलटं कधीच नाही. आपल्याला शोधत कुणीतरी येतंच, हे ज्या मुलाला ठाऊक नाही त्याला ते पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळावं, एवढ्यासाठी तर हा गट. मुलाचे पाय पडद्याखालून दिसत असले तरी ताई म्हणायच्या, "अगंबाई, गेली कुठे ही? मला तर करमेना." आणि खोलीभर शोधायच्या, खडूच्या डब्यातसुद्धा.

त्या दिवशी धाकटी पहिल्यांदा खळखळून हसली. बाबांना वाटलं, आता आपली पाळी. ते कपाटाआड गेले. धाकटीने एकदा नजर फिरवली. शोधलं नाही, रडलीही नाही. दाराशी जाऊन तिने बूट घातले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. न्यायला कुणी आलं तर तयार असावं म्हणून.

ताई बाबांना हळूच म्हणाल्या, "बाहेर या आणि तुम्हीच तिच्याजवळ जा."

"अहो ताई, गंमत केली. खेळात कसले आलेत नियम?"

"तिच्यासाठी हा अजून खेळ नाही."

घरी जाताना बाबा आईला म्हणाले, "स्वतःच्या पोरीशी खेळायला आता परवाना काढायचा?"

आई म्हणाली, "काढा. मोठीच्या वेळी काढला असतात तर तीही जरा बोलकी झाली असती."

ती मोठी म्हणजे मी.

ताईंनी नंतर फोन केले. बाबा त्यांच्याशी फार नम्रपणे बोलायचे. लाज वाटली की माणूस असाही नम्र होतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. चार वर्षं गेली. धाकटी आता नऊची आहे. पहिल्या हाकेला येते. हट्ट नाही, मागणं नाही. घरी आलेले लोक म्हणतात, "किती शहाणी पोर!" हेच मी ताईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि हट्ट कधी करते?"

मागच्या महिन्यात बाबांनी मला विचारलं, "त्या ताई अजून घेतात का गं, शनिवारचं?" मी फोन केला. ताई म्हणाल्या, "घेते ना. पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय." गट सोडून गेलेल्यांपैकीही कुणीतरी आज बोलावं, हा आग्रह त्यांचाच. जे टिकले त्यांनी आभार मानले, ते योग्यच झालं. जे उशिरा परत आले त्यांनी काय म्हणावं? नुसते आभार आमच्या तोंडी शोभत नाहीत.

म्हणून विनंतीच करते. ताई, तुमच्या जागी येणाऱ्या बाई धाकटीला नव्या गटात घ्यायला तयार आहेत. पहिल्या शनिवारी तासभर तुम्ही सोबत बसाल का? बाबा तिसऱ्या रांगेत आहेत. हे विचार, असं त्यांनीच मला सांगितलं.

आयोजकांनी मला वेळ दिला, त्याबद्दल आभारी आहे. निरोपाच्या दिवशी घरचं गाऱ्हाणं आणलं, मानपानात काही राहून गेलं असेल, तर आपण सांभाळून घ्यावं.

ताई, उत्तर गुरुवारपर्यंत कळवा. नाही असेल तरी कळवा. शुक्रवारी आम्ही धाकटीला सांगणार आहोत, आणि तिथे कोण असेल, कोण नसेल, हे तिला आधीच खरं सांगायचं आहे.