नाव पुकारणारा वर्ग

सरकारी कॉलेजच्या खिडकीपुढे रांग होती. वीस वर्षं गावाचे कपडे शिवलेली, घरी एकटीच राहणारी शिंपीणबाई कॉम्प्युटरच्या वर्गाचा फॉर्म भरून उभी होती. तिच्या पुढे एक आजोबा. खिडकीत फॉर्म घेणारी मुलगी त्यांना म्हणाली,

“आजोबा, वायरमनचा कोर्स तुम्ही दोनदा केलात की!”

“तिसऱ्यांदा केला तर बिघडलं कुठं? हजेरी सरच घेतात ना, नावं पुकारून?”

“छे! आता मशीन बसवलंय. अंगठा टेकवला की झालं.”

“मग नको तो वर्ग. नावं अजून कुठं पुकारतात?”

“हे काय नवीन खूळ?”

“अगं पोरी, घरी टीव्ही दिवसभर बोलतो. पण मला नावानं हाक नाही मारत.”

“...शिवणवर्गात. तिथल्या बाई अजून वहीतूनच नावं घेतात. पण सुईत दोरा तरी ओवता येतो का तुम्हाला?”

“नाही येत, म्हणून तर शिकायचं. लिही माझं नाव.”

आजोबा गेले.

“हं, पुढे या. तुमचं कॉम्प्युटर ना?”

शिंपीणबाईनं पुढे केलेला फॉर्म मागे घेतला.

“शिवणवर्गात अजून एक जागा असेल का हो?”