शेजारच्या सीटची कड

डोळ्यांत थेंब घालून मला दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसवलं होतं. शेजारी एक वयस्कर जोडपं होतं. गाडीच्या सीटा कुणाकडे शिवायला टाकायच्या, यावर त्यांचं चाललं होतं.

“चौकातलाच बरा. दुकान केवढं चकाचक आहे! दोन दिवसांत गाडी हातात देतो म्हणाला.”

“त्यानं दार उघडून आत तरी बघितलं का? बाहेरूनच कापडाचे रंग दाखवत बसला.”

“मग तुला तो गल्लीतला म्हातारा पसंत?”

“म्हातारा काय म्हणता, तुमच्याच वयाचा असेल. पण त्यानं प्रत्येक सीटवरून हात फिरवला.”

“आणि नसत्या चौकशा केल्या. म्हणे, चालवणाऱ्याची सीट धड आहे, मग शेजारच्याच सीटची कड कशी उसवली? मी म्हटलं, मांजराचा उद्योग असेल.”

“आपल्याकडे मांजर कुठंय?”

“काहीतरी सांगायला हवं ना! तूही नुसती गप्प उभी.”

“तुमच्यासमोर काय सांगणार त्याला?”

“म्हणजे?”

“अहो, मी धरून बसते तिथं. घट्ट.”

“कधीपासून?”

“तो सायकलवाला आडवा आला होता ना, तेव्हापासून. तुम्ही म्हणालात, हा कुठून उगवला? मला तो केव्हाचा दिसत होता.”



“बरं, त्या म्हाताऱ्याकडेच टाकू. त्या कडेला जरा जाड कापड लाव म्हणून सांगतो.”

“आधी आत डॉक्टर काय सांगतात ते ऐकू.”