डाव्या कोपऱ्यातला रणगाडा

तुम्हाला खोटं वाटेल, पण रणगाड्यांची एक लढाई मी जिंकून दिली आहे.

आमची पल्लवी तिच्या कॉलेजच्या टीमची कॅप्टन. सात मुली, मोबाईलवर रणगाड्यांचा गेम, समोर वालचंदनगरची सात पोरं. पहिला डाव मुली हरल्या होत्या. दुसराही हरल्या की स्पर्धेतून बाहेर.

मी शेजारी गवार मोडत बघत होते. पोरांचा एक रणगाडा पुढं यायचा, हुलकावणी द्यायचा आणि आमच्या मुली एकेक करून त्याच्यामागं जाऊन बाद व्हायच्या.

"अगं, चढाईवाल्याच्या मागं एकटी काय पळतीस?"

"आई, ही कबड्डी न्हाय!"

"सात त्यांचे, सात तुमच्या. मग कबड्डीच की. दोघी कोपऱ्यांत थांबा, बाकीच्या मागं अर्धगोल करा. त्याला आत येऊ दे. मी सांगेपर्यंत कुणी हलायचं न्हाय."

ह्यांनी पेपराआडून टोमणा मारला, "हिला साधा फोटो पाठवता येत न्हाय, अन् रणगाडे लावतीय."

दुसरा डाव सुरू झाला. पल्लवीनं फोनवरून मुलींना तसंच उभं केलं. रणगाडा आत आला. आणखी आत आला.

"धर!" मी ओरडले. साती तोफा एकदम सुटल्या. त्याला सोडवायला आलेल्यांचंही तेच झालं. दुसरा डाव जिंकला, मग तिसराही.

फोनमधून त्यांच्या कॅप्टननं विचारलं, "तुमचा कोच कोण हाय?"

पल्लवीनं फोन माझ्यापुढं धरला. "सांग की, आई."

"पणदऱ्याच्या शाळेच्या कबड्डी टीमचा डावा कोपरा," मी म्हणाले.

ह्यांनी पेपर ठेवला आणि गवारीची परात स्वतःकडं ओढली.