पडदा ओढायचं काम

चष्म्याच्या दुकानात आपला नंबर यायची वाट बघत नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजय नर्सच्या गणवेशातच आलेली.

"दोन दिवस वॉर्ड सोडून भिंतीला चिठ्ठ्या चिकटवत होतीस म्हणे?"

"नवं सॉफ्टवेअर यायचंय, वन्सं. पेशंट आल्यापासून घरी जाईपर्यंत कोण काय करतं, ते एकेक चिठ्ठीवर लिहून सगळ्यांनी मिळून भिंतीवर ओळीनं लावायचं. डॉक्टर, औषधवाले, आम्ही."

"जमलं का मग?"

"भिंत भरली, सगळ्यांच्या माना डोलल्या, चहाही आला. तेवढ्यात मी विचारलं, जो घरी जात नाही त्याचं काय?"

"तुला बरं नाही नाही ते सुचतं."

"सॉफ्टवेअरवाल्यानं कोरी चिठ्ठी माझ्याच हातात ठेवली."

"काय लिहिलंस?"

"शेजारच्या पेशंटचा पडदा ओढणे."

"एवढंच?"

"कुणी गेलं की सगळ्यात आधी तेच करतो आम्ही, शेजारच्याला दिसू नये म्हणून. तर तो सॉफ्टवेअरवाला म्हणतो, हे काम नक्की कुणाचं? पदांच्या यादीतलं एक पद सांगा."

"मग तुझंच की."

"मी म्हटलं, जो जवळ असेल त्याचं. परवा तर शेजारच्या बेडवरच्या आजोबांनी स्वतःच ओढला. सलाईन लावलेल्या हातानं."