टाकीवाली कोरडी निघत नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका नूतनताई रामटेके. इंजिन न्यायला आलेले संग्रहालयाचे साहेब. व्यासपीठावर खुर्ची जरा मागे ओढून बसलेले आमचे लटारूभाऊ. आणि खुर्च्या संपल्या म्हणून सतरंजीवर मांडी घातलेल्या माझ्या बल्लारपूरकर बंधू-भगिनींनो,

निरोप माणसाला देतात. आज आपण इंजिनाला देतो आहोत, आणि बोलायला उभं केलंय ट्रेलरवाल्याला. म्हणजे मुलीच्या पाठवणीत गाडीवाल्याचं भाषण! असो. आयोजकांनी विचार केलाच असेल.

इतिहास सांगा, असा हुकूम आहे. विलायतेहून एकाच साच्यातली सहा इंजिनं इथल्या खाणीसाठी आली. कागदावर 'टी वर्ग', वस्तीत 'टाकीवाली'. मोठ्या इंजिनामागे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी असते. हिचं सगळं अंगावर. पाणी दोन्ही कुशींच्या टाक्यांत, कोळसा पाठीशी. त्यामुळे पुढे-मागे सारखीच धावायची, वळवायची भानगड नाही. खाणीतून कोळशाच्या भरल्या वाघिणी, म्हणजे डबे, जंक्शनला आणायच्या, रिकाम्या परत न्यायच्या. पाणी बेताचं, म्हणून लांब जायची नाही. संध्याकाळी शेडात हजर. आमच्या वस्तीतल्या कित्येक नवऱ्यांपेक्षा नियमित होती!

पुढे डिझेल आलं. पाच टाकीवाल्या लिलावात गेल्या, तुकडे होऊन. ही सहावी वाचली, कारण शेडापुढचा रूळ चोरांनी आधीच उचलला होता आणि हिला बाहेर काढता येईना. चोरांचे आभार कुणी मानत नाही. मी मानतो.

पण तिनं ओढलेला कोळसा किती जणांना आठवतो? आणि तिचं पाणी? वस्तीत कोणी बाळंत झाली की लटारूभाऊंच्या मंडळी, आशाबाई, बादली घेऊन रुळाशी उभ्या राहायच्या. भाऊ ड्रायव्हर. गाडी थांबवून बादलीत वाफेची नळी सोडायचे. घडीभरात पाणी कढत.

"पोरगा का पोरगी?" भाऊ विचारायचे.

"तुमाले काऊन पाह्यजे? पाणी द्या न् गाडी हालवा इथून!"

समोर बसलेल्यांपैकी निम्मे त्या पाण्यानं न्हालेले आहेत. माझी दोन्ही पोरंही. तेव्हा माझी चहाची टपरी, मी त्याच नळीखाली किटली धरायचो. सरपण वाचलं, त्यावर माझा पहिला ट्रक उभा राहिला.

आशाबाई गेल्या महिन्यात गेल्या. अंगणात शेवटच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापत होतं. भाऊ मला म्हणाले, "श्रीहरी, टाकीवालीचं पाणी नाई भेटणार काय?"

मी म्हणालो, "भाऊ, तिले थंड पडून जमाना झाला."

"हौ," म्हणाले. तेवढंच. तेव्हापासून रडले नाहीत. लोक मला विचारतात, भाऊ असे काऊन झाले? काय सांगू? आशाबाई गेल्यापासून माझंही तेच आहे. भजनाचा सूर कानावर येतो, कोणता ते कळतं, आत मात्र पोचत नाही.

आज हिरवी झेंडी भाऊंनी दाखवायची, असं पत्रिकेत छापलंय. इंजिन काल क्रेननं माझ्या ट्रेलरवर चढलं. सकाळी भाऊ म्हणाले, "कोरडी गाडी मी शेडातून कधी काढली नाई. टाकी भरा, मंग झेंडी." साहेब म्हणाले, टाकीचा तळ गंजलाय, शिवाय पाण्यानं ट्रेलरचं वजन वाढेल. भाऊ शिडी लावून वर चढले आणि आशाबाईंच्या बादलीनं पाणी ओतू लागले.

मी खाली उभा होतो. भांडं भरत आलं की पाण्याचा आवाज चढत जातो. नळाकडे पाठ फिरवून उभ्या असलेल्या बाईलाही ते कळतं. इथे आवाज चढेना. प्रत्येक बादलीला तोच, खोल. ट्रेलरची फळी ओली होत होती. भाऊंना ऐकू येत नव्हतं असं थोडंच आहे? बोटानं टाकी ठोकून पाणी कुठवर आलं ते सांगणारा माणूस.

"भाऊ, राह्यत नाई ते पाणी," मी म्हणालो.

"मले दिसते बे. पोचतपर्यंत राह्यलं पाह्यजे असं म्हणलं काय मी? निघताना असलं पाह्यजे."

साहेब, तुमची काळजी वजनाची. रस्त्यावरचा वजनकाटा भद्रावतीच्या पुढे आहे. तोवर टाकी कोरडी ठणठणीत होते, हा माझा शब्द.

तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीनं एक विनंती. हार-तुरे राहू द्या. मागे पाण्याचा टँकर उभा आहे, बादल्या आहेत, रांग लावा. एकट्यानं ओतलेलं गळून जातं. सगळे मिळून गळतीपेक्षा भरभर ओतू. त्यानं कुणाला रडू येईल असं मी म्हणत नाही. आवाज चढला की माझ्या आधी भाऊंना कळेल, आणि झेंडी त्यांच्याच हातात आहे.

ताईंनी बोलू दिलं, आपण उन्हात ऐकून घेतलं, याबद्दल ऋणी आहे. शिकलेला माणूस नाही, अधिकउणं काही निघालं असेल तर पोटात घाला. ट्रेलर ओला होईल. माझाच आहे, होऊ द्या.